गडाचा घेरा, सायकलवरून



सह्याद्रीतल्या किल्ल्यांविषयी आपल्याकडे भरपूर बोललं आणि लिहिलं जातं. कोणता गड कधी घेतला, कोण कुठल्या कड्यावरून चढलं, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण किल्ल्याचा आणखी एक भाग असतो आणि तिकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे गडाचा घेरा. पायथ्याची गावं, त्यांची भातखाचरं, ओढे, रान आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा. गाडीतून गेलं की हा घेरा अर्ध्या तासात मागे पडतो. सायकलवर तो दिवसभर सोबत राहतो. पुण्याच्या नैर्ऋत्येकडचे हे रस्ते मी गेली वीसेक वर्षं सायकलवरून फिरतो आहे. त्यातल्या तीन दिवसांच्या एका वाटेविषयी आज बोलणार आहे.

पहिल्या दिवशी पुण्यातून उजाडायच्या आत निघावं. खडकवासला मागे टाकावं, डोणज्याला सिंहगडाचा रस्ता डावीकडे सोडावा आणि पानशेतच्या दिशेनं खानापूर गाठावं. सिंहगडावर भजी खायला निघालेली सगळी वाहनं तोवर वर वळलेली असतात. खानापूरहून डावीकडे पाबे घाटाचा रस्ता फुटतो. घाट फार लांबलचक नाही, पण काही वळणं चांगलीच खडी आहेत. पुढचं लहान चक्र आणि मागचं मोठं चक्र लावूनही दम निघतो. उतरून सायकल ढकलली तरी त्यात कमीपणा काही नाही. घाई कुणाला आहे?

घाटमाथ्यावर मात्र थांबायचंच. समोर तोरणा आणि राजगड, मागे सिंहगड. तोरण्याची उंची १,४०० मीटरहून थोडी जास्त. त्याच्या शेजारी राजगड आपल्या माच्या पसरून बसलेला. सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी इथे होती. हे तिन्ही गड एकमेकांच्या नजरेत आहेत आणि त्यांच्यामधली खोरी, म्हणजे जुन्या भाषेतली मावळं, त्यांच्या राखणीत आहेत. नकाशावर हे कळतंच. पण नुकताच चढून आलेला चढ पायांत असताना आणि पुढचा उतार डोळ्यांसमोर असताना ते जास्त चांगलं कळतं. या खोऱ्यात शिरायचं तर कुठल्या तरी खिंडीतूनच शिरावं लागतं, आणि खिंडीत येणारा माणूस गडावरून दिसतोच.

मिर्झाराजे जयसिंह हे नीट ओळखून होते. १६६५ साली पुरंदरला वेढा घातल्यावर ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दाऊदखानाला फौज देऊन राजगड, सिंहगड आणि रोहिडा या गडांच्या परिसरात पाठवलं. काम काय, तर तिथली गावं जाळायची, उजाड करायची. गड तटबंदीवर उभा दिसतो, पण धान्य आणि माणसं त्याला खालच्या गावांतून मिळतात, हा त्यामागचा हिशेब होता. त्याच वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. आपली ही सायकलची वाट नेमकी याच तीन गडांच्या घेऱ्यातून जाते.

पाबे घाट उतरून वेल्ह्यात मुक्काम करता येतो. अंगात बळ असेल तर मार्गासनीवरून साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला जावं. या रस्त्यावर एकदा दुपारी मी एका घरापाशी पाणी मागितलं. ओसरीवरच्या म्हातारीनं सायकलकडे बघत विचारलं, “पाव्हणं, येष्टी चुकली व्हय?” म्हटलं, “नाही मावशी, हौसेनं आलोय.” तिनं पाण्याऐवजी ताक दिलं. मी सहज म्हणालो, की तुमचा रस्ता किती शांत आहे. त्यावर ती म्हणाली, “शांत हाय खरं. पण रातच्याला कुणाच्या पोटात कळ आली, की ह्योच रस्ता लई लांब वाटतो.” तिचं हे बोलणं मला विसरता आलेलं नाही. त्याकडे पुन्हा येतो.

दुसऱ्या दिवशी नसरापूरमार्गे भोर. चेलाडी ते कापूरहोळ हा महामार्गाचा तुकडा टाळता येत नाही. तो सकाळी लवकर, रस्त्याच्या अगदी कडेनं पार करावा. भोरच्या दक्षिणेला रोहिडा. पायथ्याच्या गावाचं नाव बाजारवाडी. गडाखाली वस्ती कशानं नांदत होती, याची आठवण त्या नावातच राहिली आहे.

तिसरा दिवस सगळ्यांत सुंदर. भोरहून महाडच्या रस्त्याला लागलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं. मग येतो वरंध घाट. इथे कावळ्या नावाचा लहानसा किल्ला आहे आणि घाटाचा रस्ता चक्क त्याला दुभागून जातो. खिंडीतल्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी किल्ला, आणि पुढे त्या वाटेनं किल्ल्याचेच दोन भाग केले! वाघजाईच्या देवळापाशी चहा घ्यावा, खाली कोकण बघावं. उतरायचं असेल तर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, थांबत थांबत उतरावं. पावसाळ्यात मात्र या घाटाच्या वाटेला जाऊ नये. दरडी कोसळतात, रस्ता बंदही ठेवतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सुरुवातीला गेलात तर सोनकीनं पिवळे झालेले उतार दिसतील.

आता त्या मावशींच्या बोलण्याकडे येतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या नोंदीच्या नावात नुसते किल्ले नाहीत, ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ असा शब्द आहे. म्हणजे डोंगर, खिंड, रान आणि घेरा हे सगळं धरून तो वारसा आहे. आता लोक येणार, गाड्या येणार, आणि रस्ता रुंद करा, थेट दारापर्यंत न्या, अशी मागणीही होणार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची वाट सुगम नसावी, असं सांगितलं आहे. त्यांच्यापुढे शत्रूची फौज होती. आपल्यापुढे रविवारची गर्दी आहे.

म्हणून रस्ते करूच नका, असं मी म्हणणार नाही. वर्षातून चार दिवस सायकल घेऊन येणाऱ्यानं आपल्या शांततेसाठी गावकऱ्यांचा दवाखाना लांब ठेवणं बरं नव्हे. पण मावशींना हवा आहे तो रस्ता आणि पर्यटकांच्या गाड्यांना हवा असतो तो रस्ता, हे दोन वेगळे आहेत. मावशींना पावसात न बुडणारा साकव हवा, मोऱ्या आणि कडेची गटारं धड हवीत, दरडीच्या जागी जाळी हवी, वेळेवर एसटी आणि हाकेला येणारी रुग्णवाहिका हवी. यातल्या एकाही गोष्टीसाठी डोंगर कापून रस्ता चौपदरी करावा लागत नाही. बाहेरच्या गाड्या अलीकडच्या मोठ्या गावात लावून पुढे एसटीनं किंवा गावातल्या जीपनं जाता येईल. त्यात चार पैसे गावातच राहतील.

आपल्या हातातही काही आहे. निघालात तर जेवण गावातल्या घरी घ्या आणि त्याचे पैसे न मागता द्या. जास्तीची ट्यूब, हातपंप आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा, कारण मधल्या वाड्यांत दुकान मिळेलच असं नाही. प्लॅस्टिक पिशवीत भरून परत आणा. आणि ओसरीवर कुणी विचारलं, की येष्टी चुकली का, तर घटकाभर बसा. त्या गडाच्या घेऱ्यात आज कसं जगतात, हे तिथेच कळतं.