दक्षिणेचा मंद वारा

देवाचा इशारा म्हटलं की आपल्याला स्वप्न आठवतं, दृष्टान्त आठवतो, अंधारात दिसलेला देवदूत आठवतो. असं काही आपल्या वाट्याला आलं तर आपण नक्की ऐकू, अशी आपली खात्री असते. प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय सावकाश वाचला तर ही खात्री डळमळते. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. गव्हाने भरलेलं आलेक्सांद्रियाचं जहाज क्रेत बेटावरच्या 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी थांबलं आहे. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेला आहे, म्हणजे समुद्रात जहाज घालण्याचा हंगाम सरत आला आहे. पौल सांगतो की आता पुढे निघालात तर मालाला, जहाजाला आणि जिवांनाही धोका आहे. शताधिपती यूल्य काही दुष्ट माणूस नाही. सीदोनला त्याने पौलाला मित्रांकडे जाऊ दिलं होतं. पण एकीकडे बेड्यांतला माणूस आणि दुसरीकडे जहाजाचा तांडेल व मालक, यांत त्याने कोणाचं ऐकावं? त्यातून ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं, आणि बहुतेकांचं मत निघावं असंच. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि त्यांनी नांगर उचलला.

या प्रसंगात पौलाने देवदूताचं नाव घेतलेलं नाही, हे ध्यानात घ्या. 'मला दिसतं आहे' एवढ्याच अर्थाचं तो बोलतो. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने आधीच सांगितलं होतं की तीनदा त्याचं जहाज फुटलं आणि एक रात्र व एक दिवस त्याने समुद्रात काढला. त्याचा इशारा अशा अनुभवातून, ऋतूच्या ज्ञानातून आणि सोबतच्या माणसांच्या काळजीतून आला. देवदूत येतो तो पुढे, वादळात, सगळ्यांनी आशा सोडल्यावर; आणि येतो तो धीर द्यायला. म्हणून मला वाटतं, इशाऱ्यासाठी देवदूताची वाट पाहत बसणारा माणूस चुकीच्या वेळी चुकीच्या दाराकडे पाहत असतो. देव सावध करतो ते बहुधा साध्या तोंडाने. येशूच्या न्यायनिवाड्याच्या वेळी पिलाताला त्याच्या बायकोने सावध करणारा निरोप पाठवला होता. आपल्यालाही घरातलं माणूस सांगतं की संध्याकाळचा तो घोट आता सवय झाला आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी पलीकडच्या बाकावर सख्खा भाऊ बसलेला असतो, जमिनीच्या वाटणीपासून बोलणं बंद आहे, आणि भाकर हातात घेताना हात किंचित अडखळतो. ते अडखळणं म्हणजेच इशारा. आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगून ठेवलंच आहे.

यावर रास्त शंका घेता येते. मनातली प्रत्येक धाकधूक देवाचीच कशावरून? ती प्रत्येक देवाची नसतेच. पौलानेच थेस्सलनीकाकरांना लिहिलं आहे की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या. पारखायचं कसं? नुसती भीती मोघम असते, ती माणसाला जागच्या जागी गोठवते. देवाचा इशारा नेमक्या कृतीकडे बोट दाखवतो: हा हिशेब दुरुस्त कर, त्या माणसाची माफी माग. तो वचनाशी जुळतो, आणि बहुधा आपल्या सोयीच्या आड येतो. जो इशारा फक्त शेजाऱ्याला लागू पडतो आणि आपल्याला मोकळं सोडतो, त्याच्याबद्दल मी तरी साशंक राहीन. दुसऱ्याच्या आजाराकडे किंवा अपघाताकडे बोट दाखवून 'देवाने त्याला शिक्षा केली' म्हणणाऱ्यांना प्रभूनेच अडवलं आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असं त्याने स्पष्ट सांगितलं आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावलं.

दुसरी शंका अधिक खोल आहे. देव प्रेम आहे, तर त्याने धाक का घालावा? पण योनाने निनवेत ४० दिवसांची मुदत पुकारली, लोकांनी आपला मार्ग बदलला आणि नगर वाचलं. नाशच करायचा असता तर मुदत कशाला दिली असती? मुदत हीच दया आहे. यहूदाच्या यहोयाकीम राजाला ती दिसली नाही. हिवाळी महालात शेगडी पेटलेली, यिर्मया संदेष्ट्याच्या इशाऱ्यांची गुंडाळी वाचली जात होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा ते चाकूने कापून विस्तवात टाकत होता. तीन सरदारांनी विनवलं, तरी गुंडाळी संपेपर्यंत त्याचा हात थांबला नाही. यिर्मयाने आपला लेखक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहून घेतली, अधिक मजकुरासह. कागद जळाला म्हणून त्यावरची गोष्ट टळली नाही.

पौलाच्या जहाजावर मात्र वेगळं घडलं. वादळाच्या चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचं कळताच खलाशी नांगर टाकण्याच्या निमित्ताने होडी पाण्यात सोडून पळू पाहत होते. पौलाने शताधिपतीला आणि शिपायांना सांगितलं की ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. बोलणारा तोच कैदी होता, आणि या वेळी मत मोजायला कोणी थांबलं नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले, ती लाटांवर वाहून जाऊ दिली, आणि २७६ माणसं त्या जहाजावर उजाडण्याची वाट पाहत राहिली.