डूलॅली : देवळालीचा ताप

आजचा भाग शब्दांचा आहे, आणि शब्द सगळे कामचुकारांचे आणि येड्यांचे. म्हणजे आपलेच.

जुन्या ब्रिटिश बोलीत टंगळमंगळ करण्यासाठी ढीगभर शब्द आहेत. ‘स्काइव्ह’ म्हणजे दांडी मारणं. ‘स्क्रिमशँक’ म्हणजे अंग चोरणं. ‘स्विंग द लेड’ म्हणजे आजाराचं सोंग घेऊन काम टाळणं. लेड म्हणजे शिसं. जहाजावरचा खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्याची खोली मोजायचा, त्याच्यावरून हे आलं. खरं तर ते चांगलं कसबी काम, पण नाव आळशांच्या खात्यावर. आणि माझा लाडका, ‘गॉन्गूझलर’. कालव्याच्या काठावर उभं राहून नुसत्या बोटी बघत बसणारा माणूस. १९०४ साली निघालेल्या इंग्लंडमधल्या कालव्यांच्या एका मार्गदर्शक पुस्तकाच्या शब्दसूचीत हा शब्द चक्क छापलेला आहे. आपल्याकडे जेसीबीचं खोदकाम बघायला गर्दी जमते ना, तेच हे लोक.

यातले बरेच शब्द फौजेतून आलेत. मला ते पटतं. जिथे तुमचा वेळ तुमचा नसतो, तिथेच तो चोरायला शब्द लागतात.

पण एक शब्द वेगळा आहे. ‘डूलॅली’. मागच्या वर्षी क्लायंट कॉलवर तिकडचा एक जण म्हणाला, सर्व्हर डूलॅली झालाय. म्हणजे सर्व्हर येड्यासारखा वागतोय. आमच्या टीममधला नाशिकचा पोरगा म्यूटवर खो-खो हसत होता. कारण हा शब्द म्हणजे आपली देवळाली! नाशिक रोडच्या शेजारची, देवळाली कॅम्पवाली.

झालं असं. इंग्रजांच्या काळात देवळालीला त्यांच्या फौजेचा ट्रान्झिट कॅम्प होता. नव्याने आलेले गोरे शिपाई मुंबईत उतरायचे, इथे थोडे दिवस थांबायचे आणि पुढे आपापल्या पलटणीत जायचे. त्यांचं ठीक होतं. हाल व्हायचे परतणाऱ्यांचे. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायाला घरी न्यायला सैन्याची जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. तुमची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, की पुढच्या हंगामापर्यंत बसा देवळालीत. काम जवळजवळ नाही. ऊन, मग पाऊस, डास, दारू आणि घरची आठवण. माणसं विचित्र वागायला लागायची. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरीला होता. त्याने १९३६ च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या कॅम्पातल्या कंटाळ्याबद्दल लिहिलंय, आणि हा वाक्प्रचार त्यातूनच आला असावा असं त्याचं मत आहे.

मूळ वाक्प्रचार होता ‘डूलॅली टॅप’. आता हा टॅप म्हणजे नळ नाही हं. हिंदुस्तानीतला ‘तप’, म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे इंग्रजांनी ताप गाळला आणि गावाचं नाव तेवढं ठेवलं. आज तिकडे आजीने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तरी आजी डूलॅली.

मला खटकतं ते इथे. स्काइव्ह करणारा स्वतःच्या मर्जीने पळतो, त्याला नावं ठेवा, माझं काही म्हणणं नाही. देवळालीतल्या शिपायाने काय केलं होतं? त्याचं काम पूर्ण झालं होतं. त्याला बसवून ठेवलं होतं जहाजांच्या वेळापत्रकाने. पण शब्द चिकटला कुणाला? त्यालाच. वेळापत्रकाला कुणी येडं म्हटलं नाही.

आयटीवाल्यांना कळलं असेल मी कुठे चाललोय. बेंच! एका कंपनीत मी साडेचार महिने बेंचवर होतो. प्रोजेक्ट संपला, नवा मिळेना. रोज नऊला कार्ड स्वाइप, संध्याकाळी सहाला परत स्वाइप. मधले नऊ तास रिकामे. पहिला आठवडा मजा वाटली. तिसऱ्या महिन्यात मी कॅन्टीनच्या छताच्या फरश्या मोजलेल्या होत्या, रात्री झोप लागत नव्हती, आणि आईचा फोन आला की उगाच चिडायचो. शेजारचे म्हणायचे, मजा आहे बाबा, फुकटचा पगार. एचआरच्या मेलमध्ये मात्र शब्द होता ‘अनयुटिलाइज्ड’. म्हणजे न वापरलेला. जणू मीच स्वतःला वापरायचं विसरलो होतो.

शिपायांची आणि माझी बरोबरी नाही, हे मान्य. मला एसी होता, डास नव्हते, आणि घरी जायला जहाज नाही, पीएमटी लागायची. पण नुसतं बसणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एक महिना हुकमावरून बसून बघावं.

आता देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि डूलॅली नावाच्या ठिकाणी बिअर मिळते. तिथे बसून वाट बघायला कुणाची हरकत नसते!

तुमच्या घरी, गावाकडे रिकाम्या बसलेल्या माणसाला काय म्हणतात? उंडगा, रिकामटेकडा हे मला माहीत आहेत, वेगळे पाठवा. आणि सध्या कुणी बेंचवर असाल तर व्हॉइस नोट लांबलचक चालेल. वेळ आहेच तुमच्याकडे. मी पूर्ण ऐकेन.