पैसे आणि अट

२००३ साली अमेरिकेत कायदा झाला. एड्स रोखायला जगभर पैसे देऊ, पण आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत, असं संस्थेनं लिहून द्यायचं.

आपल्या सांगलीची ‘संग्राम’ संस्था धंद्यातल्या बायकांसोबतच काम करते. वस्तीत निरोध वाटणाऱ्याही त्याच. मग त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? २००५ साली संस्थेनं अमेरिकी सरकारचे पैसे नाकारले.

२०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या संस्थांवरची ही अट घटनाबाह्य ठरवली. बाहेरच्या देशांतल्या संस्थांना मात्र ती सूट नाही, असा निकाल २०२० साली दिला.

बायांनो, गटाला कुणी पैसे देऊ केले, तर आधी अट मोठ्यानं वाचून घ्या. आपल्यातल्याच कुणाला दूर लोटायला सांगत नाहीत ना, ते बघा. मगच सही करा.