डाव, दाब आणि दम
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



मुलांच्या खेळांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. लढत म्हणजे कुस्ती, ही आमची जुनी समजूत. मुलांची लढत मात्र आता पडद्यावर चालते. त्यावर आम्ही रागावत असू. एके दिवशी राग बाजूस ठेवून एका विद्यार्थ्याशेजारी बसलो आणि त्यालाच गुरू केले.

'स्ट्रीट फायटर'चा दुसरा भाग १९९१ साली आणि 'टेकन' १९९४ साली जपानात निघाला. भराभर बटणे दाबील तो जिंकेल, असे आम्हांस वाटे. तसे नाही. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकतात. ठोसा उगारण्यास किती, लागण्यास किती, सावरण्यास किती, हा सारा हिशेब त्या चित्रांत असतो. जो आधी सावरतो त्याची पाळी. चतुर खेळाडू प्रतिस्पर्ध्यास कोपऱ्यात रेटतो. मागे हटण्यास जागा उरत नाही. हलक्या ठोशांनी त्यास बचाव धरून बसावयास लावतो. बचाव ठोसा अडवितो, पकड अडवीत नाही. म्हणून मग पकडून आपटतो. पकडीच्या धास्तीने बचाव सोडला, तर ठोसा तयारच! मुले यास 'प्रेशर' म्हणतात.

"मग उपाय काय?" आम्ही विचारले. गुरू म्हणाले, "सर, घाबरून बटणे दाबायची नाहीत. आपली पाळी येतेच."

आम्हांस गामा पहिलवान आठवले. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झ्बिश्को त्यांच्यापुढे सुमारे अडीच तास बहुतेक पालथाच पडून राहिला, पण चीत झाला नाही. १९२८ साली पतियाळ्यास गामांनी त्यास एका मिनिटाच्या आत चीत केले. दाब सोसणाऱ्याचा दम पाहतो, तसाच देणाऱ्याचाही.

त्याच आठवड्यात आमच्या या गुरूस आम्ही वर्गात फळ्यापाशी उभे केले. आपल्या जनवाड्याकडे घरात एक भाषा, बाजारात दुसरी, पुस्तकात तिसरी. पोर अडखळले. आम्ही प्रश्नावर प्रश्न टाकीत गेलो. त्याची पाठ भिंतीला टेकली तेव्हा आम्हांस तो कोपरा ओळखू आला. खेळात त्याची पाळी येत होती. आमच्या वर्गात आम्ही ती येऊच दिली नव्हती. आम्ही खडू खाली ठेवला आणि थांबलो. उत्तर उशिरा आले, पण आले.

पालकहो, खेळाची वेळ जरूर बांधून द्या. पण मुलास प्रश्न विचाराल तेव्हा उत्तरापुरते थांबा. आपल्या ट्रस्टने अनेक मुलांस वह्या-पुस्तके दिली. त्यांच्या जोडीला आपण सर्वांनी त्यांस त्यांची पाळी द्यावी, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.