वाहक म्हणजे रुग्ण नव्हे



नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द पुष्कळांच्या कानांवरून गेले आहेत. पण दोन्ही एकच समजून लोक घाबरतात, म्हणून आज हा विषय.

एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. त्याला आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेलं असतं. अंगातला ऑक्सिजन कमी झाला, की त्याची तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. तान्ह्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात, मोठ्यांची हाडं असह्य ठणकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस.

एएस म्हणजे वाहक. त्याचं एक जनुक सदोष, दुसरं चांगलं. तो शेतात राबतो, संसार करतो, आणि बहुतेकदा आपल्या रक्तात असं काही आहे हे त्याला कळतही नाही. उलट या एकाच जनुकानं त्याच्या पूर्वजांना हिवतापापासून वाचवलं. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. जिथे हिवताप फार, तिथे वाहक तगले आणि त्यांचं जनुक पुढे गेलं. यात लाजण्यासारखं काय आहे?

तरीही आजही मुलीचा रिपोर्ट एएस आला, की ठरलेली सोयरीक मोडते आणि मुलाचं रक्त कोणी तपासतच नाही. हा सरळ अन्याय आहे. एकटी मुलगी वाहक असेल, तर एकाही मुलाला आजार होत नाही; काही मुलं तिच्यासारखीच वाहक होतील, एवढंच. प्रश्न येतो तो दोघंही वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप’ हा हिशेब साफ चुकीचा आहे. दर खेपेला तेच २५ टक्के.

आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी करतात. बोटातलं थोडं रक्त द्रावणात टाकतात. मिश्रण गढूळ झालं आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक की रुग्ण, हे मात्र त्यावरून ठरत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळतं. तोवर कोणाला रुग्ण म्हणू नका.

ज्यांचं लग्न झालं आहे आणि दोघंही एएस आहेत, त्यांनी दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावं. मोठ्या रुग्णालयांत पहिल्या तीन महिन्यांतच गर्भाची तपासणी होऊ शकते. बाळ रुग्ण म्हणून जन्मलं, तरी लवकर निदान झालं तर पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया यांनी त्याचे हाल पुष्कळ कमी करता येतात.