पिकअप चालू होत नाही तेव्हा



भाजीपाला रात्री गाडीत भरायचा आणि पहाटे बाजारात पोचवायचा, हे आता गावोगाव चालते. त्यातल्या पुष्कळ पिकअप गाड्या जुन्या आहेत. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या. पत्रा गंजला, पण इंजिन अजून दणकट. अशी गाडी पहाटे तीन वाजता चालू झाली नाही, तर काय होते ते तुम्हांला सांगायला नको. टोमॅटो भरलेला असतो. लिलाव कुणासाठी थांबत नाही. मग माणूस नुसता सेल्फ मारत बसतो. बॅटरी उतरते. शेवटी जो भेटेल त्या मिस्त्रीच्या ताब्यात गाडी जाते.

आम्ही मिस्त्री नव्हे, शाळामास्तर. पण अशीच एक गाडी आमच्या घरी आहे, थोरला मुलगा चालवतो. रात्री-बेरात्री टॉर्च धरून आम्ही जे पाहिले, आणि जाणत्या मिस्त्र्यांना विचारून जे समजून घेतले, ते आज सांगतो.

आधी हे इंजिन चालते कसे, ते पाहू. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियराने १८९७ साली ते चालवून दाखवले. त्याचेच नाव तेलाला पडले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. इथे ठिणगीच नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते ना? तेच इथे होते. पिस्टन हवेला अठरा ते बावीस पट दाबतो. हवा इतकी तापते, की नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो.

तेव्हा प्रश्न दोनच. डिझेल आत पोचते का? आणि हवा पुरेशी तापते का?

याचे उत्तर सायलेन्सर देतो. गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. एकाला सेल्फ मारायला बसवा. तुम्ही मागे सायलेन्सरपाशी, पण बाजूला उभे राहा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिन जोराने फिरते आहे, पण धूर मुळीच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही, म्हणजे डिझेल पोचते, पण पेटत नाही. आणि इंजिन रडत-रडत फिरत असेल, तर आधी बॅटरीची टोके बघा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. गरम पाण्याने धुवा, घासा, घट्ट आवळा. बॅटरीची जी तार चासीला जाते, तिचा बोल्टही बघा. तिकडे कुणी बघत नाही.

धूर नाही, असे धरून चालू. टाकीत डिझेल आहे ना? हसू नका, काटा खोटे दाखवतो. मग स्टॉपची तार बघा. पुष्कळ जुन्या गाड्या स्टॉप ओढून बंद करतात. ही तार गंजून अर्ध्यात अडकली, तर पंप डिझेल सोडतच नाही. हाताने ढकलली की काम झाले.

एवढे ठीक असेल, तर बहुधा गाडीने हवा धरलेली असते. जुन्या डिझेल गाडीचे हे नेहमीचे दुखणे आहे. डिझेल दाबून लहान होत नाही, हवा होते. पंप जोर लावतो, नळीतली हवा रबरासारखी दबते आणि पुन्हा फुगते. नोझलपाशी दाब चढत नाही, नोझल उघडत नाही. वाटाण्याएवढा बुडबुडासुद्धा पुरे.

ती काढायची कशी? टाकीतून डिझेल ओढणारा एक लहान पंप असतो, फीडपंप. त्यावर हाताने मारायचा दट्ट्या असतो. काही गाड्यांत तो फिल्टरच्या डोक्यावर असतो. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि दट्ट्या मारत राहा. आधी फसफस फेस येईल. बुडबुडे संपून अखंड धार आली, की दट्ट्या मारता मारताच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू तसाच करा. बहुतेक वेळा एवढ्यात गाडी चालू होते. नाही झाली, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एक आटा सैल करायचे, सेल्फ मारायचा, डिझेल झिरपू लागले की आवळायचे.

इथे एक गोष्ट फार जपायची. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधी धरू नका. तो सुईसारखा कातडीत शिरतो. रक्त फारसे येत नाही, दुखतही नाही, म्हणून माणूस पुसून कामाला लागतो. आत गेलेले डिझेल मांस सडवते, बोट तोडावे लागते. असे झाले तर त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा. डिझेल आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हवा काढली, पण ती शिरली कुठून? हे शोधले नाही तर उद्या पुन्हा तेच. फीडपंप टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे मागची नळी चोखतो. तिला बारीक फट असली, तर चालत्या गाडीत तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून सगळे सांधे रात्री कोरडे पुसून ठेवा आणि सकाळी बोट फिरवून बघा. वायसर बघा. तांब्याचे जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून गार केले, की मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. नवे मिळत असेल तर नवेच घाला.

आमच्या गाडीच्या वेळी तालुक्याच्या एका वर्कशॉपने सरळ मोठा पंप उतरवला. चार दिवस ठेवला, हजारोंचे बिल केले. आठवड्यात दुखणे परत आले. दोष होता फिल्टरच्या बोल्टाखालच्या दहा-वीस रुपयांच्या वायसरात. पंप निर्दोष होता. आम्हांला त्याचा राग अजून आहे. तेव्हा पंप उतरवतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, हवा काढून बघितली का? सांधे बघितले का?

त्या पंपाबद्दल एक. मिस्त्री त्याला ‘मायको’ म्हणतात. ही कंपनी १९५१ साली निघाली. २००८ साली तिचे नाव बॉश झाले. डब्यावर बॉश दिसले तर घोटाळ्यात पडू नका.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी येते. पाणी जड, ते फिल्टरच्या तळाशी बसते. आठ दिवसांनी तळाचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडे काढून बघा. पाणी खाली वेगळे दिसेल.

पांढरा धूर येऊन गाडी थंडीत पकडत नसेल, तर हीटर प्लग तपासून घ्या. फडक्याला पेट्रोल लावून हवेच्या तोंडाशी धरण्याची खोड काहींना आहे. ते करू नका. भडका उडतो, पिस्टनही फुटतो. चालत्या गाडीचा काळा धूर दिसला तर आधी एअर फिल्टर झाडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, ते काम मिस्त्रीचेच.

हे सगळे जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे, बरे का. नव्या गाड्यांत कॉमन रेल असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर विकलेल्या बीएस-सहा डिझेल पिकअप तशाच आहेत, आणि त्याआधीच्याही पुष्कळ. त्यांच्या नळीत दाब हजार बारच्या वर जातो. त्या नळ्यांना घरी पाना लावायचा नाही. गाडी घेतानाच विचारून घ्या, आपली कोणती, आणि दाराच्या आतल्या बाजूला मराठीत लिहून ठेवा.