निबंध कोणाचा?



कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती गेली. त्याच गावच्या टाउन हायस्कुलात गणिताचे पारितोषिक मिळवून तो तेथे दाखल झाला होता. परंतु इंग्रजी निबंधाच्या परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला आणि १९०५ साली घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

भाषेवाचून काही अडत नाही, असे सांगण्यासाठी या प्रसंगाचा उपयोग होतो. तो अन्यायाचा आहे. भाषेवाचून त्या मुलाचे फार अडले. त्याची पुढची अनेक वर्षे हालअपेष्टांत गेली. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या मनात इतके काही होते, त्याला कागदावर चार परिच्छेद का लिहिता येऊ नयेत? त्या वेळच्या निबंधाच्या विषयांत त्याच्या मनातले काही उतरण्याजोगे होते का? याचे उत्तर आज कोणाला देता येणार नाही. मात्र आपल्या मुलांना निबंधस्पर्धेसाठी तयार करताना हा प्रश्न पाटीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

कुंभकोणम मराठी माणसाला परके नाही. १६७६ पासून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे तंजावरला भोसल्यांचे राज्य होते, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच एका मराठी घरात जन्मले. त्याच परिसरात, तंजावर-कुंभकोणम मार्गावर, पापनाशम् आहे. तेथील तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातले, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, विटांचे एक धान्यकोठार उभे आहे. उंची ३६ फूट, आणि त्यात ३००० कलम भात मावे.

समजा, ‘आपला ऐतिहासिक वारसा’ हा विषय स्पर्धेला आला. नेहमीचा निबंध कसा असतो, हे परीक्षकांना तोंडपाठ असते. आरंभी एक सुभाषित, मग ‘आपला देश प्राचीन परंपरांचा देश आहे’, मध्ये तीन-चार किल्ल्यांची नावे, शेवटी जतनाचे आवाहन. व्याकरण शुद्ध, अक्षर वळणदार, आणि मूल कोठेच नाही. आता तेच मूल पापनाशम्‌च्या कोठारासमोर उभे करावे. शिक्षकाने काहीही सांगू नये, फक्त विचारावे. देवळाच्या आवारात भात कशासाठी साठवत असतील? भिंती विटांच्या का? ओल कशी टाळत असतील? आणि ‘कलम’ म्हणजे काय? मराठी मुलाला या शब्दाची गंमत वाटेल, कारण त्याचे कलम आंब्याचे असते किंवा लिहिण्याचे. तामिळ मापनात बारा मरक्काल म्हणजे एक कलम. हे ऐकून घरी गेलेले मूल आजीला विचारते, आणि आजी सांगते की आपल्याकडेही बारा पायल्यांचा मण असे. वीस मणांची खंडी. मग कणगी निघते, पेव निघते, पेवात उतरताना आत दिवा का सोडून पाहत ते निघते. ३००० कलमांचे ३६,००० मरक्काल झाले, हे मूल स्वतः गुणाकार करून काढते आणि थक्क होते. तो थक्क झाल्याचा क्षण हाच निबंधाचा पहिला परिच्छेद. पापनाशम् दूर आहे हे खरे. पण ज्या गावात जुनी विहीर, बंद पडलेली गिरणी किंवा आठवडी बाजार नाही, असे गाव दाखवणे कठीण आहे.

असे निबंध आरंभी ओबडधोबड असतात, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथेच लागते. लाल शाईने मुलाचे वाक्य खोडून वर आपले गोंडस वाक्य लिहिणे सोपे आहे. त्याऐवजी समासात प्रश्न लिहावा: ‘हे तुला कोणी सांगितले?’, ‘तेथे वास कसला होता?’, ‘हे दोनदा आले आहे का?’ उत्तर शोधताना मूल वाक्य आपणच दुरुस्त करते. शब्दमर्यादेपेक्षा दीडपट लिहून घ्यावे आणि काय गाळायचे ते मुलानेच ठरवावे. मग एकदा मोठ्याने वाचायला लावावे. जेथे श्वास अडतो, तेथे वाक्य मोडावे. शुद्धलेखन सर्वांत शेवटी तपासावे, पण ते अवश्य तपासावे. पुस्तकातून घेतलेली माहिती कोठून घेतली, हे लिहिण्याची सवय शाळेतच लागायला हवी.

पालकांविषयीही बोलले पाहिजे. घरून लिहून आणायच्या स्पर्धेत वडिलांचा निबंध मुलाच्या अक्षरात येतो, ही गोष्ट नवी नाही. आता यंत्राने लिहिलेलाही येऊ लागला आहे. अशा निबंधाला बक्षीस मिळते तेव्हा टाळ्या वाजतात, आणि व्यासपीठावर चढणाऱ्या मुलाला त्या कोणासाठी वाजत आहेत हे पक्के ठाऊक असते. तो फार लवकर शिकतो की आपले वाक्य पुरेसे नाही. बक्षीस न मिळाल्याचे दुःख आठवडाभरात विरते. हे विरत नाही.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ने पुण्यातील एका विद्यार्थिनीचा निबंध छापला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा तो निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी होता. बाळंत होणाऱ्या बाईच्या घरावर छप्पर नसल्याने ती थंडीवाऱ्यात कशी हाल सोसते, हे तिने त्यात लिहिले. ही ओळ कोणत्या शिक्षकाने सांगून लिहवली असती? शाळेने तिला अक्षरे दिली, वाचायला दिले, आणि ती लिहीत असताना हात धरला नाही.

यंदाच्या स्पर्धेपासून प्रत्येक निबंधाबरोबर मुलांनी आपला पहिला कच्चा मसुदाही जोडावा, अशी सूचना शिक्षकांपुढे ठेवण्यासारखी आहे. खाडाखोड, आजीने सांगितलेली मापे, चुकलेला गुणाकार, सगळे त्यात तसेच राहू द्यावे. परीक्षकांनी तो मसुदा आधी वाचावा.